भावोजींचं रशियन

माझ्या ताईच्या नवऱ्याला, दिलीप कारखानीसांना, रशियन येतं. हे त्यांना भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. सिंगापुरात, यिशुनमध्ये, त्यांच्या ब्लॉकखाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, विकणाऱ्या आँटीला हे माहीत आहे, लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या सेल्वमला माहीत आहे, आणि मी तर त्यांची सख्खी मेहुणी. माझे कान किटले आहेत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुण्यातली निम्मी हुशार मुलं जर्मन शिकायची आणि उरलेली रशियन. रशिया तेव्हा आपला मित्र. पोलादाचे कारखाने त्यांनी उभारून दिलेले, पुस्तकं त्यांची मातीमोल भावात मिळायची, आणि त्यांच्या मासिकांचा गुळगुळीत कागद वह्यांना कव्हरं घालायला इतका उत्तम, की आमच्या घरात माझ्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टरवर बसलेली एक गुबगुबीत बाई वर्षभर हसत असायची. दिलीप भावोजी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनला पहिले आले. त्यांना दुभाषी व्हायचं होतं. कुठल्याशा प्रकल्पावर रशियन इंजिनियरच्या शेजारी टोपी घालून उभं राहायचं, हे त्यांचं स्वप्न. वडील म्हणाले, आधी पोटापाण्याचं बघ. मग ते बँकेत लागले, आणि मॅनेजर होईतो तो सोव्हिएत देशच नकाशावरून गेला.

देश गेला, पण भावोजींचं रशियन राहिलं, अगदी घडी न मोडलेलं. नव्वदच्या दशकात ते बँकेबरोबर सिंगापूरला आले, पुढे इथला लाल पासपोर्ट घेतला, निवृत्त झाले, पण एका रशियन माणसाशी मनसोक्त गप्पा मारायचा योग काही आला नाही. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दोन गोरे बोलताना ऐकून त्यांनी पुढे होऊन छान रशियनमध्ये नमस्कार केला. ते पोलिश निघाले. पुढच्या स्टेशनवर उतरून गेले. त्यांना तिथे उतरायचं होतं असं मला वाटत नाही.

अशा माणसाच्या पोरीने, माझ्या भाचीने, घरी येऊन सांगितलं की मला एस्टोनियाच्या मुलाशी लग्न करायचंय. जाई वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तानेल तिच्याच टीममधला. ताईने विचारलं, "एस्टोनिया म्हणजे इटलीकडे का?" मी फोनवर शोधायला लागले. भावोजी मात्र ताडकन उठले. म्हणाले, "अगं, रशियाला खेटून आहे. सगळ्यांना रशियन येतं तिथे." आणि आत जाऊन शब्दकोश घेऊन आले. मुलगा काय करतो, किती शिकलाय, घरी कोण कोण, काही विचारलं नाही. ताईने एकच प्रश्न विचारला, तो मासे खातो का. खातो म्हटल्यावर आम्हा कारखानीस-प्रधानांच्या दृष्टीने स्थळ पसंत पडलं.

तानेल पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा भावोजींनी दारातच रशियन सुरू केलं. उंच, लाजाळू पोरगा. म्हणाला, "सॉरी अंकल, मला रशियन येत नाही. माझ्या वेळी शाळेत इंग्रजी होतं."

"हरकत नाही. वडिलांना येत असेल?"

"हो," तानेल म्हणाला, "त्यांना येतं." आणि वालाच्या बिरड्यात मान घालून जेवायला लागला. त्या वेळी तो नुसता भुकेला आहे असं सगळ्यांना वाटलं.

महिन्याभराने जाई चांगी बिझनेस पार्कला माझ्या ऑफिसखाली आली. मी तिथे एका बँकेच्या बॅक-ऑफिसमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत ही पोरगी वन-नॉर्थहून बेटाच्या या टोकाला येते, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

"मावशी, बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते हसतात."

"काय सांगू?"

"लग्नात रशियन बोलायचं नाही. नॉट वन वर्ड. प्लीज लाह."

मग तिने सगळं सांगितलं. तानेलची आजी सात वर्षांची असताना तिला आईसकट रशियनांनी आगगाडीच्या गुरांच्या डब्यात कोंबून सायबेरियाला नेलं होतं. एकोणीसशे एकोणपन्नास साली. परत आल्या तेव्हा त्यांच्या घरात दुसरेच लोक राहत होते. तिचा मुलगा आंद्रेस, म्हणजे आमचे होणारे व्याही, रशियन शिकले ते शाळेत सक्तीने, आणि उरलेलं लष्करात, तेही सक्तीने. एक्याण्णव साली देश स्वतंत्र झाला आणि त्या दिवसापासून त्यांनी रशियन बोलणं सोडलं. पुढे सगळा जन्म परराष्ट्र खात्यात काढला, नुकतेच निवृत्त झालेत. दुकानात कोणी रशियनमध्ये विचारलं तर ते एस्टोनियनमध्ये उत्तर देतात. भांडत नाहीत, नुसतं उत्तर देतात.

"आणि बाबा सीमांतपूजनाला त्यांच्यासमोर रशियनमध्ये भाषण करणार आहेत," जाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दे विल बी पोलाइट, मावशी. तेच तर वाईट आहे. ते हसतील, आणि मग कधीच येणार नाहीत."

शनिवारी मी यिशुनला गेले. भावोजी ब्लॉकखालच्या टेबलाशी कोपी घेऊन बसले होते आणि ओठ हलवत होते. भाषण घोकणं चाललं होतं. मी आडवळणं घेत नाही. सरळ सांगितलं.

"भाषेचा काय दोष, शैला?" ते म्हणाले.

"भाषेचा नसेल. पण काठीचाही दोष नसतो भावोजी, तरी ज्याच्या पाठीवर बसली त्याला ती दाखवू नये." मग त्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली.

भावोजींच्या कोपीवर साय आली तरी प्यायले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या त्या मासिकांत सायबेरियातली सफरचंदं असायची. आणि गाणारी मुलं."

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. आपल्याला जो लांबचा दोस्त, तो त्यांच्या घरात घुसलेला. मोठा देश कसा आहे हे त्याच्या शेजाऱ्याला विचारावं, मासिकाला विचारू नये. पण हे मी बोलले नाही, भावोजींचा चेहरा बघवत नव्हता.

"मग मी त्यांच्याशी बोलू कशात?" त्यांनी विचारलं. "माझं इंग्रजी बँकेचं. त्यात 'काइंडली फाइंड अटॅच्ड' म्हणता येतं. व्याह्याला मिठी मारताना काय म्हणू? मला वाटलं होतं, जन्मात एकदा तरी ते शिकलेलं कामी येईल."

मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्यासाठी आणखी एक कोपी आणली, आणि ती थट्टा न करता दिली.

पण माणूस चिवट. दुसऱ्या दिवशी त्यांनी तानेलला बोलावलं आणि म्हणाले, तुमची भाषा शिकव. एस्टोनियनमध्ये चौदा विभक्त्या आहेत. आपल्या आठ विभक्त्यांतच अर्धा महाराष्ट्र नापास झाला. भावोजींनी तीन वाक्यं निवडली आणि पाठ करायला घेतली. दाढी करताना, भाजी चिरताना, मार्केटमध्ये पापलेटचे डोळे तपासताना, सारखं आपलं "तेरे तुलेमस्त, तेरे तुलेमस्त." म्हणजे सुस्वागतम. ताई म्हणाली, आता मलाच बोलायला लावू नका, लग्नात मीच म्हणून जाईन.

लग्न फेब्रुवारीतल्या रविवारी ठरलं. मुहूर्त काढीव. आमचे श्रीनिवास गुरुजी आठवडाभर आयटीत असतात आणि शनिवार-रविवारी पौरोहित्य करतात, त्यामुळे सिंगापूरच्या मराठी मंडळींचे ग्रह शनिवार-रविवारीच अनुकूल होतात. आदल्या दिवशी संध्याकाळी सीमांतपूजन. पूर्वी वराकडची मंडळी गावाच्या शिवेवर आली की वधूपिता तिथे सामोरा जाऊन पाय धुवायचा. आता शीव कुठली, यावर भावोजींनी वाद घातला. म्हणाले, खरं म्हणजे मलेशियाच्या हद्दीवर, वुडलँड्स चेकपॉइंटला करायला हवं. शेवटी ब्लॉकखालचा व्हॉइड डेक, म्हणजे तळमजल्यावरची मोकळी जागा, बुक केला. तिथे एरवी मलय लग्नं होतात आणि चिनी अंत्यविधी होतात. बुद्धिबळाच्या टेबलांवर बसलेले आजोबा लोक आमच्या रांगोळीकडे बघत होते.

एस्टोनियाची मंडळी आली, दहा-बारा जण. सगळे उन्हाने लालबुंद, सगळे हसतमुख, आणि सगळ्यांच्या हातात फोन. दर दोन मिनिटांनी मान खाली. ताईने विहीणबाईंची, मारिकाबाईंची, ओटी भरायला घेतली, तर त्या एका हाताने नव्या साडीचा पदर पसरतायत आणि दुसऱ्या हाताने फोन बघतायत. माझं डोकं फिरलं. मी तानेलला बाजूला घेऊन विचारलं, हा काय प्रकार आहे?

तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "सॉरी मावशी. आज दुपारी आम्ही वायर तोडली."

"कसली वायर?"

"विजेची. इतकी वर्षं आमची वीज रशियाच्या ग्रिडला जोडलेली होती. आज आम्ही तीन बाल्टिक देशांनी मिळून ती तोडली. उद्या युरोपच्या ग्रिडला जोडणार. आजचा दिवस आम्ही कोणालाच जोडलेले नाही. सगळे बघतायत, घरी दिवे चालू आहेत का."

उद्या लग्न, आज मुलगी ना धड इकडची ना तिकडची, तसा या लोकांचा अख्खा देश एक दिवस मधेच लटकला होता, आणि तरी ते आमच्याकडे हळदीकुंकू लावून घ्यायला आले होते. मी भावोजींना जाऊन सांगितलं. नको होतं सांगायला. ते आधीच घाबरलेले, आता पार पांढरे पडले. "आजच तोडली?" एवढंच म्हणाले.

श्रीनिवास गुरुजींनी बोलावलं. तानेल पाटावर बसला, ताईने पाणी घातलं, भावोजींनी त्याचे पाय धुतले, पुसले. मग ते उभे राहिले, आंद्रेसकडे वळले आणि हात जोडले. जाई माझ्या शेजारी होती, तिने माझा दंड धरला. भावोजींनी श्वास घेतला आणि खणखणीत, स्वच्छ आवाजात, पुण्यातला पहिला नंबर शोभेल अशा उच्चारांत, म्हणाले:

"दोब्रो पझालवत, दरगिये गोस्ती."

या, प्रिय पाहुण्यांनो, सुस्वागतम. रशियनमध्ये.

मारिकाबाईंचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मागचा, तानेलचा एक काका फोनवरून मान वर करून बघायला लागला. जाईची नखं माझ्या दंडात रुतली. आणि भावोजींना आपण काय बोललो ते आत्ता कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. महिनाभराचं तेरे तुलेमस्त कुठे गेलं ते देव जाणे. हृदयापासून बोलायला गेले आणि जे सगळ्यात खाली जपून ठेवलं होतं तेच वर आलं.

आंद्रेस हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि मग हा गंभीर सरकारी माणूस खो खो हसत सुटला, डोळे पुसायला लागला.

"माफ करा," ते इंग्रजीत म्हणाले. "एक गोष्ट सांगू का? आम्ही नवीन देश झालो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि परराष्ट्र खात्यात, जिथे बाकी सगळी नवखी पोरंच होती, जवळजवळ म्हाताऱ्यात जमा होतो. खात्यात खुर्च्या कमी, टाय त्याहून कमी. पहिल्यांदा एका परदेशी मंत्र्याला आणायला मला विमानतळावर पाठवलं. आठवडाभर इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. आता आम्ही युरोप आहोत, हे दाखवायचं होतं. तो विमानातून उतरला, मी हात पुढे केला, आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? हेच. अक्षरशः हेच दोन शब्द, दोब्रो पझालवत." मग त्यांनी आपल्या मंडळींकडे वळून तेच एस्टोनियनमध्ये सांगितलं असावं, कारण मागचा काका टेबलावर हात आपटून हसायला लागला, आणि मारिकाबाई म्हणाल्या, "त्या मंत्र्याने आमच्या लग्नातही ती गोष्ट सांगितली होती."

भावोजी मात्र अजून तसेच उभे. "आय ॲम व्हेरी सॉरी. टुडे, ऑफ ऑल डेज," असं काहीतरी पुटपुटत होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "व्याहीभेट घ्या आता." श्रीनिवास गुरुजी म्हणाले, अजून दोन मंत्र राहिलेत. मी म्हटलं, ते नंतर.

शाल-श्रीफळ झालं. आंद्रेस भावोजींपेक्षा वीतभर उंच. त्यांनी खाली वाकून मिठी मारली, आणि कानात काहीतरी बोलले. भावोजींनी दचकून वर पाहिलं. मग त्या वीतभर उंच माणसाच्या छातीवर डोकं टेकवून हे गृहस्थ रडले. लेक सासरी निघाल्यावर बाप रडतो, पण याला अजून पुष्कळ अवकाश होता. बुद्धिबळवाल्या आजोबांपैकी एकाने टाळी वाजवली, त्याला काय वाटलं कोण जाणे.

रविवारी लग्न थाटात झालं. संध्याकाळी रिसेप्शनमध्ये पंगत अर्धी उरकली असताना त्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. वायर जोडली गेली होती. दिवे चालू होते. तानेलने जाईला उचलून गरागरा फिरवलं, शालूसकट. मारिकाबाईंनी आमच्या ताईला नाचायला ओढलं, आणि जी बाई स्वतःच्या वरातीत नाचली नाही ती नाचली. आंद्रेसना मी विचारलं, आता झालात ना तुम्ही पक्के युरोपियन?

ते म्हणाले, "माझ्या घराचा पत्ता जन्मापासून तोच आहे. त्या पत्त्यावर मी आधी सोव्हिएत होतो. मग लोक आम्हाला माजी सोव्हिएत म्हणायचे, मग पूर्व युरोप, मग बाल्टिक. आता आम्ही सांगतो, आम्ही नॉर्डिक आहोत, उत्तर युरोपातले. खरे नॉर्डिक लोक प्रेमाने हसतात. पण आमच्या सगळ्या परराष्ट्र धोरणाचं एकच वाक्य होतं, आणि ते बदललं नाही. पुन्हा कधी एकटं पडायचं नाही." मग पंगतीकडे, नाचणाऱ्या ताईकडे, आणि जिलबीत हात बुडवून बसलेल्या तानेलच्या काकाकडे बघत म्हणाले, "त्या दृष्टीने आज बरं काम झालं."

ते आदल्या दिवशी कानात काय बोलले, ते भावोजी सांगेनात. ताईने विचारलं, जाईने विचारलं. नुसते हसायचे.

सोमवारी सकाळी मी रजा टाकली होती. ताईने पोहे केले आणि मला म्हणाली, हे खाली गेलेत, बोलावून आण. खाली उतरले तर कोपीच्या टेबलाशी दोघे व्याही. पुढ्यात रिकामे कप. आंद्रेस हॉटेलवरून एकटेच एमआरटीने आले होते. दोघांचं बोलणं चाललं होतं, हातवारे करून, एकमेकांना अडवून, आणि ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रशियन होतं.

मी तिथेच थबकले. भावोजींना मी इतकी वर्षं ओळखते. त्यांना इतकं भरभरून बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, मराठीतसुद्धा.

मला पाहून दोघे थांबले. मला राहवलं नाही. मी आंद्रेसना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तर ही भाषा सोडली होती ना? आमच्यासाठी म्हणून मन मारू नका."

"मन मारत नाहीये," ते म्हणाले. "माझ्या ओळखीत रशियन येणारा प्रत्येक माणूस ती शिकला, कारण शिकावीच लागली. माझी आई, मी, माझी बायको, सगळे. परवा मी यांच्या कानात रशियनमध्येच विचारलं, तुम्ही का शिकलात? कोणी लावलं शिकायला?"

"मग?"

"काल यांनी उत्तर दिलं. म्हणाले, कोणी नाही. मला आवडली." आंद्रेसनी मान हलवली. "साठ वर्षांचा झालो मी. मला हे पहिल्यांदाच कोणी सांगितलं. यांच्या तोंडून ऐकली, आणि पहिल्यांदा मला ती नुसती भाषा वाटली."

भावोजी चष्मा काढून पुसत होते. मी म्हटलं, पोहे गार होतायत. कोणी उठेना. मग मीच वर जाऊन ताईला सांगितलं की डबा भरून दे, ते दोघे आत्ता कुठे बोलायला लागलेत.